दहा फुटांचे घर: कामो नो चोमेईचा आठशे वर्षांपूर्वीचा हिशेब

१/
इ. स. १२१२. देवगिरीवर यादव राजा दुसरा सिंघण राज्य करत होता. त्याच वर्षी, समुद्रापार फार दूर, जपानच्या राजधानीबाहेरच्या हिनो नावाच्या डोंगरात साठीच्या उंबरठ्यावरचा एक भिक्षू आपल्या झोपडीत बसून एक छोटेखानी लेख पूर्ण करत होता. झोपडी दहा फूट लांब, दहा फूट रुंद. उंची सात फुटांहूनही कमी. लेखाचे नाव ‘होजोकी’, म्हणजे दहा फुटी घराची नोंद. लेखकाचे नाव कामो नो चोमेई.

२/
घर आटोपशीर करावे, वस्तू कमी कराव्यात, म्हणजे मन स्वस्थ होते, हा विचार आज पुन्हा मोठ्या प्रमाणावर मांडला जातो. ‘होजोकी’ हा त्या विचाराचा एक जुना आणि विलक्षण प्रामाणिक दस्तऐवज आहे. चोमेईने त्यात जमा आणि खर्च या दोन्ही बाजू लिहिल्या. काय सोडले, का सोडले, त्या बदल्यात काय हाती आले. आणि शेवटच्या पानावर, या हिशेबात खोट कुठे राहिली, हेही.

३/
चोमेईचा जन्म ११५५च्या सुमाराचा. घराणे पुरोहितांचे. क्योतो शहरात (तेव्हाचे हेइआन-क्यो) कामो नदीच्या काठी शिमोगामो हे पुरातन शिंतो देवस्थान आहे. चोमेईचे वडील कामो नो नागात्सुगु हे त्या देवस्थानाचे प्रमुख अधिकारी होते. अशा घरातल्या मुलाची वाट जणू आधीच आखलेली असे: देवस्थानातील पद, दरबारातील मान, प्रशस्त घर, नोकरचाकर आणि दारात बैलगाडी. त्या काळच्या क्योतोत माणसाची पायरी त्याच्या बैलगाडीवरून ओळखली जाई.

४/
वडील अकाली वारले. चोमेई तेव्हा विशीच्या आसपास होता. डोक्यावरचा हात गेला की घराण्यातले स्थानही डळमळते, हा अनुभव कोणत्याही काळातील वतनदार घरांना नवा नाही. वडिलांच्या आईकडून आलेले मोठे घर त्याच्याकडे होते. तिथे तो काही वर्षे राहिला. कविता आणि संगीत या दोन गोष्टींत त्याचे मन रमत होते. आणि याच वर्षांत त्याच्या शहरावर एकामागून एक पाच संकटे कोसळली.

५/
पहिले संकट आगीचे. ११७७ साली एका रात्री शहराच्या आग्नेय भागात ठिणगी पडली आणि जोराच्या वाऱ्याने ती वायव्येकडे पसरत गेली. राजवाड्याचे सुझाकू महाद्वार, राज्याभिषेक जिथे होत ते दाइगोकुदेन सभागृह, राजकीय विद्यालय, सारे रात्रीत राख झाले. बड्या सरदारांचे सोळा वाडे जळाले. चोमेई लिहितो की शहराचा तिसरा हिस्सा गेला. पुढे तो एक निष्कर्षही नोंदवतो: माणसाच्या साऱ्या खटाटोपांत, अशा धोक्याच्या नगरीत पैसा ओतून आणि जीव आटवून घर बांधणे हा सर्वांत व्यर्थ खटाटोप होय.

६/
दुसरे संकट ११८०च्या वावटळीचे. शहराच्या ईशान्येकडील वस्तीतून उठलेले चक्रीवादळ दक्षिणेकडे घरे उलथवत गेले. काही घरे जागच्या जागी चपटी झाली, काहींचे नुसते खांब उरले. छपरांच्या फळ्या वाळलेल्या पानांसारख्या आकाशात उडत होत्या. घरांबरोबर ती सावरू पाहणारी माणसेही जायबंदी झाली, ही गोष्ट चोमेईने आवर्जून टिपली आहे.

७/
तिसरे संकट मानवनिर्मित होते. त्याच वर्षी तायरा नो कियोमोरी या सर्वसत्ताधीश सरदाराने राजधानीच हलवली. आपला नातू असलेला बालसम्राट आणि सारा दरबार घेऊन तो समुद्रकाठच्या फुकुहारा येथे गेला. पदाची आशा असलेले लोक धावत मागे गेले. क्योतोतील घरे उतरवली गेली, त्यांचे वासे आणि खांब योदो नदीतून तराफ्यांवर रवाना झाले. जुन्या नगरीत घरांच्या जागी शेते दिसू लागली. नवे नगर मात्र उभे राहीना. आणि हिवाळ्यात दरबार परत क्योतोला आला. उतरवलेली घरे पहिल्यासारखी पुन्हा उभी राहिली नाहीत.

८/
या प्रसंगाचा एक धागा पुढे लागतो, म्हणून तो ध्यानात ठेवावा. जपानी घर लाकडाचे. खांब आणि तुळया एकमेकांत अडकवून ते उभे करत, त्यामुळे ते सुटे करून हलवताही येई. चोमेईने आपल्या तरुणपणी एका शहरातील घरे सुटी होऊन नदीवरून जाताना पाहिली. घर म्हणजे जमिनीत रुजलेली, कायमची वस्तू, ही समजूत त्या वर्षी त्याच्या डोळ्यांदेखत मोडली.

९/
चौथे संकट दुष्काळाचे, ११८१ आणि ११८२ सालचे. आधी अवर्षण, मग वादळे आणि पूर, पिके बुडाली. राजधानी खेड्यांच्या धान्यावर जगत होती आणि गाड्या येईनाशा झाल्या. लोक घरातील मौल्यवान वस्तू मिळेल त्या भावाने विकू लागले. घ्यायला कुणी पुढे येईना. आला तरी सोन्याची किंमत हलकी आणि धान्याची जड. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वस्तूंचे मोल एका हंगामात पालटले.

१०/
बाजारात सरपण विकायला येऊ लागले, त्यातील काही तुकड्यांवर लाल रंग आणि सोन्याचा वर्ख चिकटलेला दिसे. चौकशीअंती कळले की भुकेले लोक ओस पडलेल्या देवळांत शिरून बुद्धमूर्ती आणि देवळातील सामान फोडून आणत होते. पवित्रातली पवित्र वस्तूही शेवटी जळणच ठरली. हे दृश्य पाहण्याची वेळ या जन्मी आली, याचे चोमेईला झालेले दुःख त्या ओळींत लपत नाही.

११/
दुष्काळाचे आणखी एक निरीक्षण तो नोंदवतो. ज्या जोडप्यांत जिव्हाळा होता, त्यांतला ज्याचा जीव अधिक गुंतलेला तोच आधी मरे. कारण हाती आलेला घास तो दुसऱ्याला देई. आईबाप आणि मुले असतील तर आईबाप आधी जात. आई मेली आहे हे न कळून तिच्या अंगाला लुचणारी तान्ही मुले त्याने लिहून ठेवली आहेत. घर, वस्तू आणि माणसे यांतले कोणते ओझे आणि कोणते नाते, हा प्रश्न त्याच्यापुढे इथेच उभा राहिला असावा.

१२/
निन्नाजी मठातील र्‍युग्यो नावाचा आचार्य रस्त्यावरच्या प्रत्येक प्रेताजवळ थांबे आणि त्याच्या कपाळावर एक अक्षर लिही. ते अक्षर होते ‘अ’. सिद्धम् लिपीतील संस्कृत ‘अ’. मंत्रयानी बौद्ध परंपरेत हे अक्षर अनुत्पन्नतेचे, म्हणजे ज्याला जन्म नाही आणि म्हणून मरणही नाही अशा तत्त्वाचे प्रतीक मानतात. कपाळांची मोजदाद केली गेली. शहराच्या पूर्वेकडील अर्ध्या भागातच, दोन महिन्यांत, आकडा ४२,३०० वर गेला.

१३/
पाचवे संकट ११८५च्या भूकंपाचे. डोंगर खचले, समुद्र कलून जमिनीवर आला, राजधानीतील एकही देऊळ वा मनोरा शाबूत राहिला नाही. मोठ्या धक्क्यानंतर दिवसाला वीस-तीस धक्के बसत आणि ते सुमारे तीन महिने चालू राहिले. त्या दिवसांत लोकांच्या तोंडी संसाराच्या असारतेची भाषा होती. काही वर्षे लोटली आणि कुणी त्याचा उल्लेखही करेना. भूकंपापेक्षा हे विस्मरण चोमेईला अधिक लागलेले दिसते.

१४/
आता त्याच्या घरांकडे वळू. तिशी ओलांडल्यावर आजीचे घर त्याच्या हातून सुटले. कामो नदीजवळ त्याने स्वतःचे घर बांधले, पहिल्याच्या एक-दशांश आकाराचे. राहण्यापुरती वास्तू तेवढी झाली. भिंत कशीबशी घातली, पण प्रवेशद्वार बांधण्याची ऐपत नव्हती. बैलगाडीसाठी बांबूचा आडोसा केला. नदी जवळ म्हणून पुराची भीती आणि वस्ती विरळ म्हणून चोरांची. हे लहान घर त्याने स्वेच्छेने निवडलेले नव्हते. परिस्थितीने ते त्याच्यावर लादले होते.

१५/
या घरात राहूनच तो कवी म्हणून मोठा झाला. १२०१ साली निवृत्त सम्राट गो-तोबाने दरबारात काव्यसंस्था स्थापन केली आणि चोमेईला तिथे स्थान मिळाले. संस्थेचा कारभार पाहणाऱ्या मिनामोतो नो इएनागाच्या रोजनिशीत, चोमेई रात्रंदिवस सेवेत मग्न असे, असा निर्वाळा आहे. ‘शिन कोकिनशू’ या विख्यात काव्यसंग्रहात त्याच्या दहा कविता घेतल्या गेल्या. जग सोडण्याची त्याची कोणतीही तयारी या काळात दिसत नाही.

१६/
मग १२०४च्या सुमारास ती घटना घडली. शिमोगामोच्या अखत्यारीतील कावाई देवस्थानात एक पद रिकामे झाले. वडिलांच्या वाटेवरची ही पहिली पायरी होती. गो-तोबा ते पद चोमेईला देणार होता. पण नात्यातीलच प्रमुख पुरोहित कामो नो सुकेकाने याने आडकाठी घातली आणि आपल्या मुलाचा हक्क पुढे केला. पद त्या मुलाला गेले. गो-तोबाने दुसरी सोय करू पाहिली, ती चोमेईने नाकारली. थोड्याच काळात त्याने मुंडन केले, भिक्षू झाला आणि रेनिन हे नाव घेतले.

१७/
म्हणजे या वैराग्याच्या मुळाशी भाऊबंदकी आहे, पदाची निराशा आहे आणि थोडा रुसवाही आहे. काही वाचकांना यामुळे चोमेई लहान वाटू लागतो. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीने ही माहिती मोलाची ठरते. साधेपणाकडे वळणारी बहुतेक माणसे पूर्ण ज्ञान होऊन वळत नाहीत; काहीतरी हातून निसटते आणि मग, उरलेल्यात जगता येईल का, हा प्रश्न पडतो. चोमेईचे वेगळेपण त्या प्रश्नाला त्याने पुढे जे उत्तर बांधले त्यात आहे. ‘बांधले’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा.

१८/
ओहारा येथील डोंगरात पाच वर्षे काढून तो हिनो येथे आला आणि त्याने आपले शेवटचे घर उभारले. नदीकाठच्या घराच्याही हा शंभरावा हिस्सा नव्हता, असे तो लिहितो. जमिनीवर चौकट ठेवली, वर साधे छप्पर घातले आणि सांधे लोखंडी कड्यांनी अडकवले. जागा नकोशी झाली तर कड्या काढायच्या आणि निघायचे. सारे घर दोन गाड्यांत मावेल. गाडीवानांची मजुरी सोडली तर खर्च शून्य. फुकुहाराच्या वर्षी घरे सुटी होताना पाहून शहर हळहळले होते. या घराचे सुटे होणे हेच त्याचे बळ होते.

१९/
आत काय होते, याची यादी त्याने दिली आहे. पूर्वेला तीन फुटी वळचण, काटक्या जाळण्यासाठी. दक्षिणेला बांबूची पडवी आणि तिच्या कडेला देवाला पाणी-फुले ठेवण्याची फळी. या फळीच्या जपानी नावातील ‘आका’ हा शब्द संस्कृत ‘अर्घ्य’ शब्दावरून आलेला. आत अमिताभ बुद्धाचे चित्र, शेजारी समंतभद्र बोधिसत्त्वाचे, समोर सद्धर्मपुंडरीक सूत्र. पूर्व बाजूला वाळलेल्या नेच्यांचे अंथरूण. बांबूच्या फळीवर काळ्या चामड्याने मढवलेल्या तीन पेट्या. त्यांत कवितांचे, संगीताचे आणि धर्माचे उतारे. आणि दोन वाद्ये, कोतो व बिवा. दोन्ही सुटी करून ठेवता येतील अशी.

२०/
ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. चोमेईने सारेच टाकून दिलेले नाही. बैलगाडी गेली, फाटक गेले, नोकर गेले, पाहुण्यांची दालने गेली. कविता आणि संगीत राहिले. दुसऱ्यांनी पाहावे म्हणून ज्या वस्तू घरात होत्या त्या निघून गेल्या, आणि ज्या एकट्यालाही हव्याशा वाटतात त्या राहिल्या. लोक बायकामुलांसाठी, आप्तांसाठी, धन्यासाठी, सामानासाठी, बैलांसाठीही घरे बांधतात. आपण स्वतःच्या देहाच्या मापाचे बांधले, असे तो सांगतो. खेकडा लहान शंख निवडतो, कारण त्याला स्वतःचा आकार ठाऊक असतो, हा त्याचा दाखला आहे.

२१/
दहा फूट हे मापही सहज आलेले नाही आणि त्याचा धागा थेट भारतात पोहोचतो. वैशाली नगरीतील विमलकीर्ती हा बौद्ध परंपरेतला गृहस्थ उपासक. पूर्व आशियाई परंपरेत त्याची खोली दहा फुटी मानली जाते. ‘विमलकीर्तिनिर्देश’ सूत्रात अशी कथा येते की तो आजारी असताना मंजुश्री बोधिसत्त्व समाचाराला येणार होता. तेव्हा विमलकीर्तीने खोलीतील सारे सामान नाहीसे केले, फक्त एक पलंग ठेवला. मग त्या रिकाम्या खोलीत ३२,००० सिंहासने मावली. मूळ संस्कृत संहिता कित्येक शतके हरवलेली होती. १९९९ साली ल्हासाच्या पोताला राजवाड्यात तिचे हस्तलिखित सापडले.

२२/
चोमेई या कथेचा उल्लेख करतो, पण फुशारकीने करत नाही. झोपडी विमलकीर्तीच्या खोलीसारखी असली तरी आपली साधना चूडपंथकाएवढीही नाही, असे तो लिहितो. चूडपंथक हा बुद्धाचा मंदबुद्धी म्हणून प्रसिद्ध असलेला शिष्य. त्याला एक गाथाही पाठ होत नसे. घराचे माप थोरांकडून उचलता येते, मनाचे माप तसे उचलता येत नाही. ही कबुली लेखाच्या शेवटाकडे येते आणि पुढे येणाऱ्या प्रश्नाची चाहूल देते.

२३/
त्याआधी मिळकतीची बाजू पाहू. वसंतात वेलींवरची फुले, उन्हाळ्यात कोकिळेच्या जातीतल्या पाखराची साद, शरदात रातकिड्यांची किरकिर, हिवाळ्यात बर्फ. मन लागले नाही तर जप टाळावा; अडवणारे कुणी नाही आणि ज्याच्यापुढे लाजावे असेही कुणी नाही. डोंगराच्या पायथ्याशी रानाच्या राखणदाराचे घर होते. त्याचा दहा वर्षांचा मुलगा चोमेईचा सोबती. एक साठीचा, एक दहाचा. दोघे मिळून फळे वेचत, कंद खणत, पायथ्याच्या शेतात पडलेली कणसे गोळा करत. वयात एवढे अंतर असले तरी दोघांची करमणूक सारखीच होती, असे तो लिहितो.

२४/
या समाधानाचा पाया काय, हेही तो सांगतो. शहरात सत्ताधाऱ्याच्या शेजारी राहिले तर मोठ्याने हसण्याची आणि रडण्याची चोरी. दाटीत राहिले तर शेजारची आग आपल्या घरी. दूर राहिले तर येण्याजाण्याचे कष्ट आणि चोरांचे भय. मालमत्ता असली तर चिंता, नसली तर खंत. झोपडीत यांपैकी काही नाही. चालावे लागते, पाय दुखतात. पण घोडा, खोगीर, बैल आणि गाडी यांची काळजी वाहण्यापेक्षा ते हलके. पाच संकटांत ज्याने घरे जळताना, उडताना, वाहताना, पडताना पाहिली, त्याच्या दृष्टीने गमावण्यासारखे थोडे असणे ही मोठी सुरक्षितता होती.

२५/
चित्र इथवर निर्मळ आहे. पण दुसरा एक दस्तऐवज त्यात गाठ मारतो. कामाकुराच्या लष्करी राजवटीचा वृत्तांत असलेल्या ‘आझुमा कागामी’ या ग्रंथात १२११ सालच्या दहाव्या महिन्यातील नोंद आहे: भिक्षू रेनिन कामाकुराला आला आणि शोगुन मिनामोतो नो सानेतोमो याला अनेकदा भेटला. सानेतोमो तेव्हा विशीतला, कवितेचा षोकी. त्याचा काव्यगुरू म्हणून जागा मिळेल या आशेने चोमेई गेला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तसे काही घडले नाही. परतल्यावर काही महिन्यांतच ‘होजोकी’ पूर्ण झाली. तिच्यात या प्रवासाचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

२६/
म्हणजे दहा फुटी घरात पूर्ण समाधानी असलेला हा माणूस, ते घर सोडून शेकडो मैल चालत सत्तेच्या दारी जाऊन आला होता. दांभिक म्हणून त्याला निकालात काढणे सोपे आहे. पण मनुष्यस्वभावाचा विचार केला तर यात वावगे काही नाही. घर एका दिवसात लहान करता येते. त्या घरात राहणारी महत्त्वाकांक्षा त्याच वेगाने लहान होत नाही. राजधानीत गेले की आपल्या भिक्षेकऱ्यासारख्या वेषाची लाज वाटते, असे चोमेईनेच लिहिले आहे. झोपडीत परतल्यावर मात्र त्याला त्या धावणाऱ्या लोकांची कीव येई.

२७/
आणखी एक बाजू स्पष्टपणे मांडली पाहिजे. चोमेईला बायको नव्हती, मुले नव्हती. सोडायला कठीण जाईल असे कुणी नव्हते, हे तो स्वतः लिहितो. त्याच्या साधेपणाची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागली नाही. मुंबईच्या चाळींत वाढलेल्या मराठी पिढ्यांना ‘दहा बाय दहा’ हे माप चांगले परिचित आहे. त्याच मापात आठ-आठ माणसे संसार करत आली. तेही दहा फुटांचेच घर, पण तो निवड करून स्वीकारलेला साधेपणा नव्हे. अभावाला साधेपणा म्हणून गौरवणे ही चोमेईच्या लेखाची चुकीची वाचना ठरेल. दुष्काळातल्या ४२,३०० कपाळांची मोजदाद ज्या लेखात आहे, तो लेख गरिबीचे गोडवे गाणारा असूच शकत नाही.

२८/
‘होजोकी’ला पूर्वपरंपराही आहे. ९८२ साली योशिशिगे नो यासुताने याने ‘चितेइकी’ हा लेख चिनी भाषेत लिहिला. तोही राजधानीच्या अवस्थेपासून सुरू होतो आणि लेखकाच्या घरापाशी येतो. पण यासुतानेने पन्नाशीच्या सुमारास तळ्याकाठी घर बांधले. त्यात बुद्धासाठी जागा, पुस्तकांसाठी जागा, बायकामुलांसाठी जागा. उतारवयात घर बांधणाऱ्या स्वतःला तो कोष विणणाऱ्या म्हाताऱ्या रेशीमकिड्याची उपमा देतो. चोमेईने तीच उपमा उचलली. एकाचे घर वयाबरोबर वाढत गेले, दुसऱ्याचे आटत गेले. उपमा मात्र दोघांना सारखीच लागू पडली. कोष केवढाही असो, विणणारा त्यात गुरफटतोच.

२९/
शेवटच्या पानावर चोमेई याच ठिकाणी पोहोचतो. पहाटेची वेळ आहे. तो स्वतःला प्रश्न करतो. बुद्धाची शिकवण कशातही गुंतू नये अशी आहे. मग या झोपडीवरचे प्रेम, या शांततेची ओढ, हीदेखील गुंतवणूकच नव्हे का? वेष संन्याशाचा असून मन मळलेलेच राहिले नाही का? त्याचे मन उत्तर देत नाही. तो जिभेला कामाला लावतो, दोन-तीन वेळा अमिताभाचे नाव घेतो आणि लेख संपवतो. खाली मिती आहे: केनर्‍याकू शकाच्या दुसऱ्या वर्षाच्या तिसऱ्या महिन्याची अखेर. सही: भिक्षू रेनिन.

३०/
या शेवटाचा अर्थ अभ्यासक शतकानुशतके लावत आले आहेत. विमलकीर्तीच्या सूत्रातही एक प्रसिद्ध मौन आहे: अद्वैत म्हणजे काय, असे मंजुश्रीने विचारले असता विमलकीर्ती काहीच बोलत नाही आणि तेच उत्तर ठरते. चोमेईचे मौन त्या ज्ञानी मौनाची सावली आहे, की निरुत्तर झालेल्या वृद्धाची शांतता? लेख दोन्ही शक्यता उघड्या ठेवतो. एवढे खरे की साऱ्या वस्तू कमी केल्यावर शेवटी उरलेली वस्तू, म्हणजे ‘माझे समाधान’, तीही त्याने तपासायला घेतली.

३१/
चोमेई १२१६ साली वारला. त्याची झोपडी टिकली नाही. दोन गाड्यांत मावणारे घर टिकावे अशी त्याचीही अपेक्षा नव्हती. हिनोच्या डोंगरात ती जागा दाखवणारा एक खडक आहे आणि क्योतोत कावाई देवस्थानाच्या आवारात त्या झोपडीची प्रतिकृती उभारण्यात आली. ज्या देवस्थानाने त्याला पद नाकारले, त्याच आवारात. १८९१ साली विद्यार्थिदशेतील नात्सुमे सोसेकीने, म्हणजे पुढे आधुनिक जपानचा थोर कादंबरीकार झालेल्या तरुणाने, ‘होजोकी’चे इंग्रजी भाषांतर केले. २०११च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर जपानी वाचक पुन्हा या जुन्या लेखाकडे वळले.

३२/
आठशे वर्षांनंतर या हिशेबातून काय शिल्लक राहते? घर आटोपले की भय आटोपते, ही चोमेईची पहिली नोंद. तिच्यामागे पाच संकटांची साक्ष आहे. काय ठेवायचे हे दुसऱ्यांच्या नजरेवरून न ठरवता स्वतःच्या ओढीवरून ठरवावे, ही दुसरी; तिची साक्ष एक बिवा आणि तीन पेट्या देतात. आणि थोडक्यात मिळालेले समाधानही मुठीत धरून ठेवावेसे वाटते, ही तिसरी. या तिसऱ्या नोंदीपुढे त्याने उत्तर लिहिले नाही. तेवढी जागा त्याने वाचणाऱ्यासाठी कोरी ठेवली आहे.